रेघ उलटी मारा, साहेब

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
मा. पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, पुणे शहर
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी, पुणे

विषय : गाडी तोंडानं लावावी की पाठीनं



पत्र तिघांना मिळून लिहितो आहे, कारण हा विषय नेमका कोणाच्या टेबलावर पडतो ते मला ठरवता आलं नाही. रस्त्यावरचे पट्टे महापालिका मारते, पट्ट्याबाहेर गेलेली गाडी वाहतूक पोलीस उचलतात आणि गाडी मागे घेता येते की नाही याची परीक्षा आरटीओ घेतं. पट्ट्याच्या आत उभ्या असलेल्या गाडीचं तोंड फुटपाथकडे असावं की रस्त्याकडे, हे मात्र तिघांपैकी कोणीच विचारत नाही. ज्याला जसं सुचेल तसं तो लावतो. आणि जे सुचतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं, एवढंच मला सांगायचं आहे.

गाडी कुठं लावू नये यावर पुण्यानं पुष्कळ लिहून ठेवलं आहे. फाटकासमोर लावल्यास हवा सोडण्यात येईल, ही धमकी इथं पिढ्यान्‌पिढ्या पत्र्यावर रंगवली जाते. सम-विषम तारखांच्या पार्किंगमध्ये पी-१ कुठल्या तारखेला आणि पी-२ कुठल्या, हे आमच्या पेठांतली शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं पार्किंगचं धोरण मंजूर केलं, तेव्हा तासाला किती रुपये घ्यायचे यावर सगळं शहर कडाकडा भांडलं. मग पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं आणि तो प्रयोग फायलीत जाऊन निवांत उभा राहिला. पुण्यात फुकट आणि बेमुदत पार्किंग मिळण्याची ती बहुधा शेवटची जागा असावी. त्या साऱ्या गदारोळात कुठं लावायची, किती वेळ लावायची, कितीला लावायची हे सगळं बोलून झालं. कशी लावायची, हा प्रश्न राहूनच गेला.

प्रश्न फालतू वाटेल. माझ्या मेहुण्यांनाही वाटतो. ते चाकणच्या एका कारखान्यात आहेत. तिथं फाटकातून आत गेल्यावर ठसठशीत पाटी आहे : वाहने रिव्हर्समध्येच लावावीत. चाकण, रांजणगाव, हिंजवडीच्या कितीतरी कंपन्यांत हा नियम आहे आणि तो पाळला जातो. कारण सरळ आहे. आग लागली, वायू गळला, भोंगा वाजला, तर शेकडो माणसं एकाच वेळी गाड्यांकडे धावणार. अशा वेळी प्रत्येकानं आधी गाडी मागे घ्यायची म्हटलं तर फाटकापर्यंत कोणी पोहोचणारच नाही. त्यामुळे मेहुणे सोमवार ते शनिवार न चुकता गाडी पाठीनं लावतात, नाही लावली तर सिक्युरिटीवाला काचेवर चिठ्ठी डकवतो. रविवारी तेच मेहुणे कोथरूडला मिसळ खायला आले की दिसेल त्या फटीत नाक खुपसून मोकळे. विचारलं तर म्हणतात, “इथं कोण बघतंय?”

बघायला कोणी नसेल, पण भोंगा इथंही होतो. फक्त त्याला आपण भोंगा म्हणत नाही.

नाट्यगृह घ्या. रात्री साडेनऊचा प्रयोग असला तर माणसं नऊपासून सावकाश येत राहतात. कोणी बटाटेवडा खातं, कोणी उरलेल्या एका तिकिटाचं गिऱ्हाईक शोधतं. गाड्या एकेक करून, हवा तेवढा वेळ घेत लागतात. पडदा पडला की मात्र आठ-नऊशे माणसं एकदम बाहेर येतात, आणि नाक भिंतीकडे करून लावलेल्या सगळ्या गाड्या एकाच क्षणी मागे यायला लागतात. प्रत्येकाच्या मागे दुसरा. लाल दिवे, पांढरे दिवे, पीं-पीं-पीं. दोन गाड्यांच्या मधून चप्पल शोधत गेलेलं एखादं नातवंड. खरा शेवटचा अंक पार्किंगमध्ये होतो आणि तो कधीकधी नाटकापेक्षा लांबतो.

सगळं इंगित एवढंच आहे. गाडी एकदा तरी मागे घ्यावीच लागते. आत जाताना घ्या किंवा निघताना घ्या, रिव्हर्सला माफी नाही. मग ती कधी घ्यायची? आलो तेव्हा आपण त्या जागेवरून नुकतेच पुढे गेलेलो असतो, जागा रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि मागे जायचं ते एका बंदिस्त चौकोनात, जिथं सहसा कोणी चालत नसतं. निघताना सगळं उलटं. गाडी तासभर उभी होती, मागे काय चाललंय त्याचा पत्ता नाही, आणि मागे जायचं ते थेट वाहत्या रस्त्यात. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये घराच्या आवाराबद्दल हाच सल्ला दिलेला आहे : शक्य असेल तर आत जाताना रिव्हर्स घ्या आणि बाहेर पडताना सरळ पडा. त्यासाठी ब्रिटनला जायची गरज नाही. बैलगाडीवाल्याला विचारा, तो परड्यात गाडी लावताना धुरेचं तोंड कुठल्या बाजूला ठेवतो ते पाहा.

यंत्राचंही म्हणणं हेच आहे. मोटारीची पुढची चाकं वळतात, मागची वळत नाहीत. पाठीनं शिरताना मागची चाकं आधी जागेत बसतात आणि पुढचा भाग हवा तसा फिरवता येतो, म्हणून अरुंद जागेतही गाडी नीट सरळ होते. तोंडानं शिरलं तर मागचा भाग कोपरा कापत आत ओढला जातो आणि शेजारच्या गाडीचा दरवाजा खरवडतो. राज्याच्या बांधकाम नियमावलीत मोटारीची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरली आहे. आजकालच्या उंच, जाडजूड गाड्या त्यात उभ्या राहिल्या की दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. सोसायट्यांतली भांडणं निम्मी याच वितीवरून होतात. उरलेली निम्मी गळक्या टाकीवरून.

आता आयुक्तसाहेब, खास आपल्यासाठी. तिरप्या पार्किंगच्या रेघा कशा मारल्या जातात ते एकदा उभं राहून बघा. आपण डाव्या बाजूनं चालतो, फुटपाथ डावीकडे. आपल्याकडे रेघ अशी तिरकी असते की तिचं फुटपाथकडचं टोक पुढे आणि रस्त्याकडचं टोक मागे. अशा रेघेत गाडी तोंडानंच जाते, पाठीनं घालायची म्हटली तर अख्खी गाडी फिरवून उलट दिशेनं यावं लागेल. म्हणजे चालकानं कसं लावायचं हे चालक ठरवतच नाही, रंगारी ठरवतो. आणि निघताना काय होतं? गाडी मागे येते, तिचं शेपूट रस्त्यात, येणारी वाहतूक चालकाच्या डाव्या खांद्यामागून. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. म्हणजे त्यानं अख्खी गाडी ओलांडून, डाव्या बाजूच्या मागच्या काचेतून पाहायचं. आणि तिथं नेमकी शेजारची गाडी उभी. त्याला काही दिसत नाही. तो देवाचं नाव घेऊन क्लच सोडतो.

तीच रेघ उलटी मारा. रस्त्याकडचं टोक पुढे, फुटपाथकडचं टोक मागे. चालक जागेच्या थोडा पुढे जाऊन थांबेल, इंडिकेटर देईल, मागे सरकत आत शिरेल. निघताना गाडीचं तोंड वाहतुकीच्या दिशेनं तिरकं असेल, येणारी वाहनं चालकाच्या उजव्या आरशात आणि त्याच्याच खिडकीत दिसतील, आणि समांतर पार्किंगमधून निघावं तसा तो प्रवाहात मिसळेल. डिकी फुटपाथकडे येईल, म्हणजे मंडईतून आणलेल्या पिशव्या रस्त्यात उभं राहून भरायला नकोत. दरवाजा उघडला की पोर फुटपाथकडे उतरेल, बसच्या तोंडी नाही. अमेरिकेत सिॲटलसारख्या शहरात अशा उलट्या रेघा वर्षानुवर्षं आहेत. रंग तेवढाच लागतो. ब्रशही तोच.

आरटीओसाहेब, आपल्याकडे माझी तक्रार नाही, थोडं आश्चर्य आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, परवान्याच्या परीक्षेत उमेदवारानं गाडी मागे घेऊन डावीकडच्या किंवा उजवीकडच्या मर्यादित जागेत बऱ्यापैकी अचूकपणे घातली पाहिजे, असं स्पष्ट आहे. नाशिक फाट्याच्या ट्रॅकवर त्यासाठी सेन्सर बसवले आहेत. तिथं घाम पुसत बाहेर येणारी माणसं मी पाहिली आहेत. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला मागे सेन्सर सक्तीचा झाला. थोडक्यात, सरकारनं रिव्हर्सची परीक्षा घेतली आणि रिव्हर्सचं यंत्रही दिलं. नंतर ज्या रस्त्यावर माणूस गेला तिथल्या रेघेनं त्याला सांगितलं की शिकलास ते विसर, नाक घाल. म्हणूनच आपल्याकडे गाडी मागे घेणं हे चालकाचं काम न राहता वॉचमनचं झालं आहे. “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… डावीकडे कट मारा… बास!” हे ‘बास’ कधी वेळेवर येतं, कधी आवाजानंतर.

एक प्रसंग सांगतो. गेल्या पावसाळ्यात आईला रात्री एका हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं. आवारात पाटी होती : गाड्यांचे तोंड भिंतीकडे करावे. लावली तशी. निघताना धो-धो पाऊस, मागची काच धुकटलेली, कॅमेऱ्यावर थेंब बसल्यानं पडद्यावर नुसता पांढरा डाग. सेन्सर नुसत्या पावसानंही वाजत होता, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष द्यायचं मी सोडून दिलं होतं. गाडी दोन फूट मागे गेली असेल, तेवढ्यात कोणीतरी डिकीवर धाडकन हात मारला. मागून एक वॉर्डबॉय व्हीलचेअर ढकलत चालला होता. व्हीलचेअरवरच्या आजोबांनी डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरली होती, ते माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “जरा बघून, हं.” अजून ऐकू येतं.

इथं मी आतापर्यंत मोटारीला ‘गाडी’ म्हणालो त्याबद्दल क्षमा मागतो, कारण पुण्यात ‘गाडी’ म्हणजे दुचाकी. चार चाकांच्या वस्तूला आम्ही ‘फोर व्हीलर’ म्हणतो. शहरात माणसांपेक्षा वाहनं जास्त झाली अशी बातमी २०१८ मध्येच आली होती आणि त्यातला मोठा वाटा दुचाक्यांचा. तर या पत्रातली खरी व्यथा दुचाकीची आहे. स्कूटरला रिव्हर्स गिअर नाही. रिक्षाला आहे, स्कूटरला नाही. आकुर्डीतून निघणाऱ्या नव्या इलेक्ट्रिक चेतकला तो आला, पण जुन्या चेतकपासून आजच्या पेट्रोलच्या स्कूटरपर्यंत रिव्हर्स म्हणजे आपले दोन पाय.

रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी गटाराकडे जावं म्हणून. कागदावर हा उतार मीटरला दोन-अडीच सेंटिमीटरचा. म्हणजे काहीच नाही. पण आपण डांबरावर डांबर, त्यावर पुन्हा डांबर चढवत गेलो, आणि कडेचा भाग बशीसारखा खोल राहिला. फर्ग्युसन रस्त्यावर, तुळशीबागेच्या तोंडाशी, कुठंही पाहा : स्कूटर पुढचं चाक फुटपाथला टेकवून लावलेली. लावताना ती उतारावरून आपोआप घरंगळते, छान वाटतं. काढताना शंभर-एकशेदहा किलोचं ते धूड चढावर, पाठीमागे, वाहत्या रस्त्यात ओढायचं. दोन्ही बाजूंच्या हँडलमध्ये हँडल अडकलेलं. साडीचा पदर सावरत, खांद्याला पिशवी, चपलेचा अंगठा डांबरावर घसरतोय, मागून बस हॉर्न देतेय. माझी मावशी सत्तरीची आहे. ती स्कूटर उत्तम चालवते, पण लक्ष्मी रस्त्याला जात नाही. तिला रस्त्याची भीती नाही, काढण्याची आहे.

आणखी एक. साइड स्टँड पुढून मागे दुमडतो. तोंड उताराकडे असलं आणि गाडी जराशी पुढे सरकली, की स्टँड आपणहून दुमडतो आणि गाडी आडवी. तिच्यावर पुढची, त्यावर पुढची. अशी आठ-दहा गाड्यांची रांग पत्त्यांसारखी कोसळताना पुण्यात पाहिली नाही असा माणूस विरळा. मागचं चाक फुटपाथला टेकवलं तर गाडी उताराविरुद्ध रेटून उभी राहते, स्टँड घट्ट बसतो, आणि निघताना बटण दाबा, पुढे जा. लावताना पाठीमागे न्यावी लागेल, पण ती उतारानं, ब्रेकवर बोट ठेवून. हे प्रत्येक जुन्या बुलेटवाल्याला ठाऊक असतं. फक्त कुठं लिहिलेलं नाही.

विरुद्ध बाजूही मांडतो, नाहीतर सदाशिव पेठेतून उत्तर येईल. पहिला आक्षेप धुराचा, आणि तो खरा आहे. पाठीनं लावलेल्या मोटारीचा धूर फुटपाथवरच्या माणसाच्या गुडघ्यावर येतो. तळमजल्याच्या खिडकीत येतो, तिथल्या कुंडीतल्या तुळशीवर येतो. सोसायट्यांत ‘तोंड भिंतीकडे’ ही पाटी त्यातूनच जन्माला आली, आणि ज्यांची खिडकी असते त्यांना मी दोष देणार नाही. जिथं लगत घर आहे तिथं तोंडानंच लावावी. दुसरा आक्षेप, मोटारीचं शेपूट चाकापलीकडे बरंच बाहेर असतं, ते फुटपाथवर येऊन चालणाऱ्याची पोटरी सोलतं. त्याला चाकाखाली सिमेंटचा अडसर हवा. मॉलमध्ये ट्रॉलीतून सामान भरायचं असेल तर डिकी मोकळ्या बाजूला हवी, तिथंही माझं काही म्हणणं नाही.

तिसरा आक्षेप मात्र कडवा आहे आणि तो आपल्या सगळ्यांवरच आहे. पुण्यात गाडी थांबवून रिव्हर्सचा दिवा लावला, की मागचा माणूस थांबत नाही. तो त्या दिव्याला आमंत्रण समजतो. तेवढ्या फटीतून तीन स्कूटर, एक रिक्षा आणि डिलिव्हरीवाला मुलगा आत शिरतात, आणि पाठीनं लावू पाहणारा सज्जन माणूस जागा सोडून पुढे जातो, दोन फेऱ्या मारून शेवटी नाक घालतो. पोलीस उपायुक्त साहेब, हे तुमच्याकडे. जंगली महाराज रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यावर रिव्हर्सचा पांढरा दिवा लागलेल्या गाडीमागे थांबायचं असतं, हे कोणी आम्हाला कधी सांगितलेलंच नाही. हेल्मेटवर, सिग्नलवर आपण मोहिमा काढल्या. दोन आठवडे या पांढऱ्या दिव्यावर काढून पाहा. पावती फाडू नका, नुसतं थांबवा.

पेठांतल्या बोळांना यातलं काहीच लागू नाही. तिथं समांतर लावायची, आणि समांतर लावताना रिव्हर्स घ्यावाच लागतो. तो विषय तिथंच संपला.

राहिलं नदीपात्र. डेक्कन आणि नारायण पेठ यांच्यामध्ये, भिडे पुलाच्या दोन्ही अंगांना वर्षभर गाड्या असतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की पूल पाण्याखाली जातो आणि भोंग्यावरून सांगतात, गाड्या काढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जे आलं, त्यात गाडीचं तोंड कुठंही असतं तरी काही वाचलं नसतं. ते मी इथं ओढूनताणून आणत नाही. पण धरणातून सोडलेलं पाणी सहसा सांगून येतं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा अर्धवट झोपेतून उठलेल्या माणसाजवळ जी काही मिनिटं होती, त्यात तळमजल्याच्या अंधाऱ्या पार्किंगमधून मागे-मागे येणं आणि सरळ निघणं यांत फरक पडतो. चाकणच्या कारखान्याला जे कळतं ते नदीकाठच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एका ठरावात बसतं. आयुक्तसाहेब, आपण नदीकाठच्या सोसायट्यांना पावसाळ्याआधी नोटिसा पाठवताच. एक ओळ वाढवा.

मागणी फार मोठी नाही. आधी आपल्या घरापासून सुरुवात करा. महापालिकेचं मुख्य भवन आपलं, बालगंधर्व रंगमंदिर आपलं, कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आपलं. तिथं पाटी लावायला ना कोणाचा ठराव लागतो ना कोणाचा मोर्चा निघतो. ‘वाहने पाठीने लावावीत’ एवढं लिहा, सहा महिने चालवा, प्रयोग सुटल्यावर आवार रिकामं व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. आधी आणि नंतर. जमलं नाही तर पाटी काढून टाका, आम्ही हसणार नाही. थोडं हसू. जमलं तर एका रुंद रस्त्यावर, जिथं लगत घरं नाहीत आणि जागा तिरकी आहे, तिथं रेघ उलटी मारा. दुचाकीच्या पट्ट्यात दर दहा फुटांवर फुटपाथच्या बाजूला मागच्या चाकाचं चित्र काढा. अक्षरं वाचणार नाही कोणी, चित्र पाहतील.

गणपती उठले, पाऊस थांबला की रात्री अकरानंतर पट्टे मारणारी माणसं येतात. एकजण खिळा ठोकतो, दुसरा खडू लावलेली दोरी ताणून धरतो, तिसरा रंगाची गाडी ढकलतो. दोरीचं फुटपाथकडचं टोक पुढच्या खिळ्याला बांधायचं की मागच्या, हे त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. या खेपेला त्यांना जरा वेगळं सांगा.

कळावे,

आपला,
कोथरूडचा एक करदाता
(एमएच १२, पांढरी हॅचबॅक, पाठीनं लावलेली)